लॅपटॉपमधले पाव्हणे

आमच्या वहिनीइतकं शंकेखोर माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात शोधून सापडायचं नाही. तिसगावच्या बाजारात ती कोथिंबिरीची जुडी सोडून आतली पानं बघते. एसटीवर ठळक अक्षरांत ‘नगर’ लिहिलेलं असलं तरी आधी कंडक्टरला विचारते, मग ड्रायव्हरला. लग्न ठरताना माझ्या भावाला तिनं एकच प्रश्न केला होता, पोहता येतं का. तो हो म्हणाला. लग्नाची हळद निघायच्या आत त्याला विहिरीवर नेऊन तिनं खात्री करून घेतली.

वहिनी शिकलेली संगणक इंजिनिअर. मुलगी झाली तेव्हा पुण्याची नोकरी सुटली. मुलगी बालवाडीत जाऊ लागल्यावर तिनं पुन्हा मुलाखतींचा अभ्यास काढला. त्यात म्हणे अ‍ॅरेवर, म्हणजे आकड्यांच्या रांगेवर, फार प्रश्न येतात. सरावाला तिनं लॅपटॉपवर एआय घेतलं आणि त्याच्याशी तोंडानं बोलू लागली, तेही अदबीनं. “पाव्हणं, लई घाई करता तुमी. ह्या रांगेत काहीच नसलं तर काय कराल?” पाव्हणे माफी मागून उत्तर दुरुस्त करायचे, तोवर वहिनीची पुढची शंका तयार असायची. पहिल्यांदा हे बोलणं कानावर पडलं तेव्हा आईनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला होता.

अर्जांना मात्र कुठून उत्तर येत नव्हतं. मधे एवढी वर्षं गेली म्हटल्यावर कोणी विचारेना. शेवटी एका कंपनीनं ऑनलाइन मुलाखत ठेवली. त्या सकाळी वहिनीनं लॅपटॉपचा चार्जर दोनदा काढून घालून बघितला. “ह्या बारीला न्हाई जमलं तर मी परत न्हाई बसायची,” असं ती भावाला म्हणाली. मी पुतणीला मांडीवर घेऊन शेजारच्या खोलीत बसलो.

एआय वापरायला मुलाखत घेणाऱ्या साहेबांची हरकत नव्हती. रांगेतला निदान एक आकडा घ्यायचा, जास्त घेतले तर ते लागून असलेले हवेत, आणि त्यांची मोठ्यात मोठी बेरीज शोधायची, असा प्रश्न होता. एआयनं कुठल्याही रांगेला चालावा असा प्रोग्राम लगेच लिहून दिला. साहेब म्हणाले, “छान. पुढं जाऊ या.”

“थांबा सर,” वहिनीचा आवाज आला. “सगळे आकडे उणे असले तर हे शून्य सांगेल. शून्य त्या रांगेत नाहीच.” आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “पाव्हणं, परत बघा बरं.”

मी डोळे मिटून घेतले. मग साहेबांचं हसणं ऐकू आलं. “मॅडम, गाव कोणतं तुमचं?”

नोकरी लागली, घरूनच करायची. वहिनी आता दिवसभर खोलीत असते, दार लोटून. पूर्वी अंगणातून तिला हाक मारणारी आई हल्ली चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहते आणि आतलं इंग्रजी ऐकते. “कामात हाय ती,” मला हळूच सांगते. चहावर साय धरते. आई तो माघारी नेते, गरम करते आणि पुन्हा येऊन उभी राहते.