मेली न्हाय, हरवलीया

आमच्या आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खोटं पचत नसे. म्हणजे त्या फार तत्त्वाच्या होत्या असं नाही. भाजीवालीशी घासाघीस करताना त्या सर्रास थापा मारत. पण एका बाबतीत कुणी खोटं बोललं की माणूस कितीही मोठा असो, त्या चारचौघांत त्याचा पाणउतारा करत. मी लग्न होऊन हुपरीला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, पिठाची परात पुढ्यात सरकवली आणि मी भाकरी थापायला लागल्यावर म्हणाल्या,

"तुझ्या बापाला ह्यांनी काय सांगितलंय, ठावं हाय? आमची थोरली लेक काविळीनं गेली म्हणून. ते खोटं हाय. सुमन मेली न्हाय, हरवलीया."

माझा हात परातीतच थांबला.

"तुमची माणसं घर बघायला आली, त्या दिशी मला मुद्दाम माहेरी धाडलं ह्यांनी. मी बोलून टाकीन म्हणून. आता तुला कळलं. परत जायचं असंल तर मी सोताहून तुला नेसरीला सोडून येतो. तुझ्या बापाच्या शिव्या मी खातो. भाकरी उलट, करपाय लागली."

मी परत गेले नाही. माहेरी माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि परत आलेल्या मुलीचं काय होतं ते मी शेजारच्या घरात पाहिलं होतं. हे एक. दुसरं असं, की त्या घरात माझ्याशी खरं बोलणारं एक तरी माणूस आहे हे मला कळलं होतं. पुढं कळलं, की एकच होतं.

झालेलं एवढंच. सुमन एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. कोल्हापूरला टायपिंगच्या क्लासला जायची. नव्वद सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. नेहमीसारखी सकाळच्या एसटीनं गेली. गावातल्याच एका बाईनं तिला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरताना, ओढणी सारखी करत रस्ता ओलांडताना पाहिलं. क्लासमध्ये ती पोचली नाही. संध्याकाळच्या गाडीनं आली नाही. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. ही हकिगत मी आजवर अनेकांना सांगितली आहे आणि प्रत्येकजण ऐकून झाल्यावर जरा पुढं वाकून विचारतो, "पण खरं काय झालं?" खरं हेच, की कुणालाच काही माहीत नाही.

आत्तींचा राग मात्र सुमनच्या जाण्यावर नव्हता. तो त्यानंतरच्या दोन दिवसांवर होता. त्या रात्री माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या यांनी बसून ठरवलं की पोलिसांत जायचं नाही. पोलिसांत गेलं की पेपरात येतं. पेपरात आलं की घराण्याचं नाव जातं. पोरगी कुठं मैत्रिणीकडं राहिली असेल तर उगाच बोभाटा. माझा नवरा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याला इचलकरंजीच्या मावशीकडं धाडलं, पण सुमन आली का असं थेट विचारायचं नाही, सहज आलोय म्हणायचं. मावशीनं जेवू घातलं आणि तो सहज आल्यासारखा जेवून परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्ती कुणाला न सांगता, पायात चप्पल न घालता चौकीत गेल्या. तिथल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "बाई, दोन दिवस काय करत होता?" दुसरा प्रश्न त्याहून भारी होता. "पोरगं कोण होतं, ते घरात जरा विचारून या."

घरात चांदीचं काम चाले. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, मामा आणि नवरा पैंजण घडवत, आम्ही बायका आत बसून कड्या जोडत असू. आत्ती मान खाली घालून कडीत कडी अडकवत आणि अचानक, कुणी काही विचारलेलं नसताना, पुढच्या सोप्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "दोन दिस अब्रू राखली ह्यांनी. राखली ती राखली! अजून हाय की, माळ्यावर ठेवलीया. पोरगी तेवढी न्हाय." पुढच्या सोप्यातली हातोडी क्षणभर थांबे आणि पुन्हा चालू होई.

समाचाराला येणाऱ्या बायकांचा तर त्यांना तिटकारा होता. वर्षं उलटली तरी सणावाराला कुणी ना कुणी येऊन बसे. प्रत्येकीजवळ एक गोष्ट असे. कुणी म्हणे, बेळगावात एका ड्रायव्हरबरोबर दिसली. कुणी म्हणे, मुंबईत चांगल्या घरात आहे, पोरंबाळं आहेत. एक तर एका देवऋष्याचा निरोप घेऊन आली, की मुलगी उत्तरेला आहे आणि अंगावर लाल लुगडं आहे. आत्तींनी शांतपणे विचारलं, "लुगड्याचा रंग दिसतुया त्याला, मग गावाची पाटी दिसत न्हाय व्हय?" ती बाई चहा न घेताच उठली. आत्ती मला म्हणाल्या, "ह्या रडाय येत न्हाईत, नेसरी. आपली पोरगी घरात हाय, हे आठवून गोड वाटून घ्याय येत्यात." त्या मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत. नेसरीची म्हणून नेसरी.

मी आले त्याच्या पुढच्या वर्षी पंचगंगेत एक बाई सापडली. वय जुळतं, ओळख पटवायला या, असा निरोप आला. मामा अंथरुणावर पडले आणि ताप आलाय म्हणाले. नवरा म्हणाला, "मला बघवणार नाही." मग आम्ही दोघी बायका गेलो. सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका माणसानं चेहऱ्यावरची चादर काढायला हात घातला, तशा आत्ती म्हणाल्या, "तोंड नको. डावा पाय दाव." लहानपणी भट्टीजवळ खेळताना सुमनच्या डाव्या पावलावर निखारा पडला होता, त्याचा पैशाएवढा डाग होता. पाय उघडा केला. डाग नव्हता.

"ही माझी न्हवं," आत्ती म्हणाल्या. मी त्यांना धरून बाहेर न्यायला लागले, पण त्या हलेनात. त्या माणसाला विचारायला लागल्या, "हिची कोण हायत? हिच्या आईला कळवलंसा?" तो म्हणाला, "अजून कुणी आलं नाही. नाही आलं तर आम्हीच करू काय ते." आत्तींनी पुढं होऊन त्या पायावरची चादर नीट केली.

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं, रडत असतील. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डाग न्हाय दिसला आणि मला बरं वाटलं गं. कुणाची तर सोन्यासारखी पोरगी तिथं पडलीया आणि मला बरं वाटलं. एवढी हलकी केली मला ह्या लोकांनी." त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. मामांचा ताप उतरला होता. ते जेवले.

मामा पुढं चार-पाच वर्षांनी गेले. छातीचं दुखणं होतं. शेवटी शेवटी ते आत्तींची वाट बघत पडून राहत. त्या औषध देत, अंग पुसत, पथ्याचं करून घालत, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलत नसत. एकदा मी उशाशी होते तेव्हा मामांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "माझं चुकलं. तेवढं पदरात घे." आत्तींनी हात सोडवून घेतला नाही. म्हणाल्या, "मी कोण घेणार? ती आली की तिला इचारा." मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला. मरणाऱ्या माणसाला असं बोलतं का कुणी? आज मला इतका राग येत नाही, पण त्या चुकल्या नव्हत्या असंही मला म्हणवत नाही.

माझ्या नवऱ्यानं बहिणीचं नाव तोंडातून कधीच काढलं नाही. पण मला बाजारातून यायला जरा उशीर झाला की तो रस्त्यावर येऊन उभा असे, आणि मी दिसल्याबरोबर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडे. एकदा माहेरहून येताना गाडी बंद पडली आणि मी तीन तास उशिरा पोचले. तो स्टँडवर होता. त्यानं माझ्या थोबाडीत मारली आणि तिथंच, लोकांच्या देखत, खाली बसून रडायला लागला. आत्तींना कळलं तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "हिच्यावर हात टाकलास? तिकडं इचलकरंजीला आठ आण्याचं बोलाय तोंड उघडलं न्हाई तुझं." त्यानंतर मायलेकांत जे तुटलं ते तुटलंच. सतरा वर्षांच्या पोराला त्या दोन दिवसांचा वाटेकरी धरणं हा अन्यायच होता. आत्तींना तो दिसत नव्हता, की दिसत असून त्या करत होत्या, ते मला सांगता येत नाही.

मला मुलगी झाली तेव्हा तात्या बाळाला बघायला आले आणि म्हणाले, "सुमन नाव ठेवा. गेलेल्या पोरीचं नाव घरात राहील." आत्ती बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्या. "जित्या माणसाचं नाव कसं देता भावजी? उद्या ती आली आणि मी हाक मारली, तर ओ कुणी द्यायची?" तात्या हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. मुलीचं नाव गौरी ठेवलं.

गौरी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिनं वारणानगरच्या कॉलेजात जायचं म्हटलं. नवऱ्यानं साफ नाही म्हणून सांगितलं. गावात शिक, नाहीतर घरी बस. मला वाटलं होतं, आत्तीही तेच म्हणतील. दोन दिवस घरात चूल पेटली तेवढीच, बोलणं नाही. मग आत्तींनी गौरीला जवळ बसवून माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "जा तू. तुझ्या आत्याला एसटीनं न्हाई खाल्लं. पण एक ध्यानात ठेव. तुझ्यावर काय बी येऊ दे, कसलं बी तोंड काळं झालं तरी, पयला घरात फोन कर. ह्या घरात तुझ्यापरास अब्रू मोठी न्हाय, असं मी सांगतो तुला." गौरी गेली. मला त्या वाक्याचं कौतुक वाटायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं, की हे वाक्य ह्या घरात उच्चारलं जायला एक मुलगी जावी लागली.

गौरी बारावीत असताना आत्ती गेल्या. आदल्या दिवशी कड्या जोडल्या, सकाळी उठल्याच नाहीत. आम्ही लिंगायत, आमच्यात मृताला बसवतात. सोप्यात भिंतीला टेकवून त्यांना बसवलं, कपाळाला विभूती लावली, हार घातले. माहेरचे आले, इचलकरंजीची मावशी आली, गौरी वारणानगरहून आली. भजन चालू होतं. दुपार कलली तसं जंगम स्वामींनी सगळ्यांना विचारलं, "कोण यायचं राहिलंय का?" प्रत्येक ठिकाणी विचारतात. लेकीबाळी लांबून येत असतात, त्यांना तोंड बघायला मिळावं म्हणून थांबतात.

तात्या आता काठी टेकत चालत होते. ते म्हणाले, "समदी आली. उचला."

माझा नवरा आईच्या पायाशी बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बायकांमधून मी उठले आणि म्हणाले, "त्यांची लेक यायची राहिलीय."

भजन थांबलं. एवढी माणसं होती, पण कुणी कुणाकडं बघेना. स्वामी गोंधळले. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मग थांबू या की. कुठनं येणार हायत?"

तात्यांनी काठी आपटून भजनवाल्यांना खूण केली. टाळ पुन्हा वाजायला लागले आणि आत्तींना उचललं.