वाफेला वाट

सत्तावन्न सालच्या आषाढात सौंसरच्या मुलींच्या शाळेत विजयमालाबाई वर्गात शिरल्या की पुढच्या बाकावरच्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या. बाईंची पातळं तीन, आठ दिवसांत उन्हाचं तोंड दिसलेलं नाही, आणि ओल्या सुताचा कुबट वास काही लपत नाही. मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्याच, "एकट्याच राहता ना? मग काम तरी असं किती असतं!"

त्या संध्याकाळी बाईंनी घरमालकिणीकडून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं मागून आणलं.

"मास्तरीणबाई, कोंबड्या पाळून राहिल्या का?" देवकाबाईंनी विचारलं.

"पातळ वाळवायचंय. आत शेगडी, वर डालं, डाल्यावर पातळ."

"बाळंतिणीच्या घरी करतात तसं? करा माय. जाळू नका फक्त."

पाऊस आत येतो म्हणून बाईंनी दार-खिडकी लावून घेतली. पातळातली वाफ भिंतींवर चढली, आरसा आंधळा झाला. तासाभरात बाईंचं डोकं गरगरलं. त्या कशाबशा ओसरीवर आल्या आणि भडभडून ओकल्या.

देवकाबाई तांब्या घेऊन धावल्या. पाठ चोळता चोळता हळूच म्हणाल्या, "दिवस गेले का वं?"

"कसे जातील, देवकाबाई? ते मुंबईत, मी इथं. कोळशाची बाधा आहे ही."

बाईंचे यजमान अरविंदराव नागपूरला सचिवालयात कारकून होते. शनिवारी छोट्या गाडीनं सौंसरला यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मग गेल्या नोव्हेंबरात राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. अरविंदरावांनी मुंबई पसंत असल्याचं लिहून दिलं आणि ते गेले. बाईंची नोकरी इकडच्या सरकारची. ती काही ट्रंकेत घालून नेता येत नव्हती. 'खोली मिळाली की बोलावतो,' असं पहिल्या पत्रात होतं. पुढच्या पत्रांत खोली होती, बोलावणं नव्हतं. आताशा पत्राच्या जागी कार्ड येई.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचं काम करणारा गुणवंता आला. त्यानं खोली पाहिली, डाल्याभोवती फिरला.

"बाई, याच्यावर पत्र्याचं टोपरं बसवतो आन् नळीनं वाफ, धूर सारं भिंतीतून बाहेर काढतो. सोप्पं काम."

"गल्लीकडे?" देवकाबाई कडाडल्या. "एकट्या बाईच्या खोलीले गल्लीकडे भोक? उद्या सारं सौंसर डोळा लावंल त्याले! वर माळ्यात सोड."

"माळ्यात सोडून फायदा नाही, काकू."

"घर माह्यं हाय का तुह्यं?"

नळी माळ्यात निघाली. बाईंचं डोकं दुखायचं थांबलं, पातळं कडक वाळू लागली. दहाव्या दिवशी मात्र माळ्यावरून किंकाळी आली.

"माह्या कुरड्या! माह्या मुंगवड्या! साऱ्याले बुरशी!"

गुणवंताला पुन्हा बोलावणं गेलं. त्यानं कौलांखालून टपटपणारे थेंब देवकाबाईंना बोटानं दाखवले.

"वाफ घरातच ठेवली ना, काकू. खालची वर गेली, एवढंच. तिले बाहेरच काढा लागते."

देवकाबाई वाळवणाचा डबा कुशीत धरून खाली बसल्या. भांडणाचा आवाज आता उरला नव्हता.

"फोडू भिंत. पण मास्तरीणबाई, एक सांगा. तुम्ही आज ना उद्या मुंबईले जाल, भोक माह्या भिंतीले राहील. महिना-दोन महिन्यांचा मुक्काम असंल तर मी पातळं माह्या चुलीपाशी वाळवून देतो. राहाणार असाल, तर फोडा."

गुणवंता छिन्नी हातात धरून उभा. आठ महिने बाई विचारेल त्याला 'बघू, होळीपर्यंत' असं सांगत आल्या होत्या, आणि होळी येऊन गेलेली होती.

"राहणार आहे," त्या म्हणाल्या.

"नवऱ्याले इचारलं?"

"मुंबई लिहून देताना त्यांनी मला विचारलं नव्हतं."

देवकाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "घाल रे घाव," त्या गुणवंताला म्हणाल्या. "पण उंच घाल. मान वर करून कोणाले आभाळाबिगर काही दिसलं नाही पाह्यजे."

संध्याकाळपर्यंत नळी सरळ भिंतीपार गेली. पाऊस शिरू नये म्हणून गुणवंतानं तिचं बाहेरचं तोंड खाली वळवलं. देवकाबाईंना त्यावर जाळी हवी होती. तो म्हणाला, सुताचे तंतू अडकून महिन्यात बंद पडंल. जाताना बाईंना बजावून गेला, "शेगडी असंपर्यंत दार दोन बोटं उघडं ठेवा. नवी हवा आत येईल तवाच जुनी बाहेर जाईल."

बाईंनी शेगडी पेटवली, पातळ पसरलं, दार दोन बोटं उघडं ठेवलं आणि छत्री घेऊन गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. नळीतून पांढरी वाफ निघाली, पावसात विरली, पुन्हा निघाली. आपली खोली त्यांनी अशी बाहेरून कधी पाहिली नव्हती. आत कुणीतरी राहत असावं, असं वाटत होतं.

"पावसात काहून उभ्या, बाई?" ओसरीवरून देवकाबाईंची हाक आली.

"बाहेर येते का बघतेय."

"येऊन राहिली ना?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या.