अर्धा श्वास आधी

आमच्या सिनेमात टाइम मशीन नव्हतं, कारण ते बनवून झालं होतं आणि बघवत नव्हतं. पाचव्या मजल्यावर राहणारा आमचा दिग्दर्शक एरवी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याने भंगारवाल्याकडून वॉशिंग मशीनचा ड्रम आणला, त्यात दिवाळीतली दिव्यांची माळ सोडली, खोलीत अंधार केला आणि मोठ्या अभिमानाने मला बोलावलं. मी म्हटलं, "यात बसून माणूस फार तर धुऊन निघेल." दोन दिवस तो लिफ्टमध्ये भेटला तरी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहायचा. मग स्वतःच दार वाजवून म्हणाला, "ठीक आहे ताई, मशीन कॅन्सल. नुसतं बोलू दे त्यांना."

नुसतं बोलणं हेच तर मला हवं होतं. गोष्ट माझी होती. भर दुपारी एका बाईच्या घरी एक अनोळखी माणूस येतो आणि सांगतो, मी पुढच्या काळातून आलोय. खरं तर तो तिचा अजून न जन्मलेला मुलगा असतो, पण ते तिला अगदी शेवटी कळतं. ती पुरावा मागते. तो म्हणतो, आज या टेबलापाशी तू काय काय बोलणार आहेस ते सगळं मला माहीत आहे, तूच मला म्हातारपणी सांगितलंयस. एक टेबल, दोन कप चहा, दोन माणसं, संपला सिनेमा. नट आमचे हौशी. तो बँकेत, ती बालवाडीत शिकवणारी. पैसे नव्हतेच, त्यामुळे ते कमी पडण्याचाही प्रश्न नव्हता.

जागेचा मात्र होता. आमच्या मीरा रोडला शांतता मिळत नाही. म्हणून आम्ही जवळच्या राई गावात खाडीलगतचं एक जुनं घर बघून आलो. घर सुंदर, आवाज नावाला नाही. मी खूश होऊन तारीख सांगितली तर घरमालकीण आजी म्हणाल्या, "त्या दिसाला न्हाय जमायचा. बाजूला हलद हाय, डीजे हाय." पुढच्या शनिवारी? "तवा पन हाय." शेवटी शूटिंग आमच्याच हॉलमध्ये करायचं ठरलं. तेव्हा घरात मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंच राहत होतो.

आणि नेमकं तेव्हाच अण्णांच्या घशातल्या गाठीचं निदान झालं. डॉक्टर चांगले होते, आडपडदा न ठेवता बोलले. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख महिन्याभराने मिळाली. तोवर त्यांचा आवाज उरलाच होता किती म्हणा! जन्मभर खणखणीत बोलणारा माणूस आता घोगरं, खरखरीत, दमून बोलायचा. मला तोही चालणार होता. मला तो हवाच होता. घरी आल्यावर जेवताना मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि साळसूदपणे म्हटलं, "अण्णा, गावची एखादी गोष्ट सांगा ना."

त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणाला ऐकवायची?"

"मला."

"तू समोर बसलीयस की."

"तसं नाही, पण नंतर कधी..."

"नंतर काय? आवाज जातोय गो, मी नाय जात."

पुढे पानावरून उठेपर्यंत एक शब्द नाही. मी आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा उशीशेजारी मोबाइल ठेवून, एकदा व्हिडिओ कॉलच्या निमित्ताने. दोन्ही वेळा ते शिंपल्यासारखे मिटले. मला संताप यायचा. न्हाणीघरात नळ सोडून मी रडले आहे. त्यांचा एक फोटो फ्रेम करून ठेवता येईल, चष्मा ठेवता येईल, पण हाक मारणारा आवाज महिन्याभराने या जगात कुठेच असणार नाही, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मी शूटिंग रद्द करते म्हटलं, तर त्यावर मात्र ते चिडले. "ठरलेला प्रयोग रद्द करत नाहीत."

प्रयोग हा शब्द त्यांच्या तोंडी उगाच नव्हता. अण्णा प्रॉम्प्टर होते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाचं मंडळ मुंबईत दरवर्षी नाटक बसवायचं. नट सगळे चाकरमानी, कोणी गोदीत, कोणी छापखान्यात. पाळी संपवून थेट रंगपटात धडकायचे, पाठांतराच्या नावाने आनंद. अण्णा विंगेत स्टुलावर बसून सगळं तीन अंकी नाटक ओढून न्यायचे. शब्द कसा द्यायचा, यावर ते तासभर बोलू शकत. नटाला तो अर्धा श्वास आधी मिळाला पाहिजे. एक श्वास आधी दिला तर पहिल्या रांगेला ऐकू जातो, वेळेवर दिला तर उशीर झालेला असतो. टाळ्या पडायच्या तेव्हा अण्णा स्टुलाखाली वाकून चपला शोधत असायचे. रंगमंचावर ते कधी आले नाहीत, कोणी बोलावलंही नाही.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून संहिता मागून घेतली आणि बेडरूमच्या दारामागे, पडद्याआड खुर्ची टाकून बसले. आमच्याकडे माइक धरायला माणूस नव्हता. दिग्दर्शकाने रेकॉर्डर दाराशेजारच्या शोकेसवर, फुलदाणीमागे लपवून ठेवला होता. दिवस उत्तम गेला. दोघांचं पाठांतर चोख, दोघंही थांबून थांबून छान बोलत होते. थांबणं हे दिग्दर्शकाचं वेड. प्रत्येक वाक्याआधी त्याला शांतता हवी. "सायलेन्समध्ये पब्लिक विचार करते, ताई," असं तो म्हणायचा.

संध्याकाळी मी चहा घेऊन पाचव्या मजल्यावर गेले, तर हा कानावर हेडफोन लावून कपाळाला हात लावून बसलेला.

"ताई, वाट लागली. पूरा दिन गेला आपला."

"काय झालं?"

"अण्णा."

मला क्षणभर भलतंच वाटलं, हातातला चहा सांडला. मग त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. पडद्यावर आमची बाई गप्प होती, कपाकडे बघत. आणि त्या शांततेत कुठूनतरी एक दबका, खरखरीत आवाज आला, "मला खरं वाटत..." बाईने मान वर केली आणि म्हणाली, "मला खरं वाटत नाही."

अण्णांना तो विराम आहे हे माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी नट थांबला याचा अर्थ एकच, नट विसरला. आणि विसरलेल्या नटाला शब्द द्यायचा असतो. दिवसभर, प्रत्येक मोक्याच्या शांततेत, त्यांनी इमानेइतबारे शब्द दिला होता. नटांना त्याचं काही वाटलं नाही, कारण दोघंही स्टेजवरचे. विंगेतला आवाज त्यांच्या कानाला खटकतच नाही. मी दारापासून लांब, खिडकीशी उभी होते. रेकॉर्डर मात्र अण्णांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता.

"मी त्यांना काही बोललो नाही हां," दिग्दर्शक म्हणाला. "पण काढता पण येत नाही. तिच्या डायलॉगला चिकटलाय."

"परत लाव," मी म्हटलं.

त्याने लावलं. मग त्याने स्पीकर चालू केला आणि पुढचा प्रसंग लावला, त्याच्या पुढचा लावला. शांतता. मग त्या शांततेच्या आतून, न दिसणाऱ्या माणसाचा एक आवाज, तिचे पुढचे दोन शब्द. मग ती स्वतः, तेच शब्द, आत्ताच सुचल्यासारखे. तिला काय बोलायचंय हे तिच्या आधी कोणालातरी माहीत होतं. सहा महिने मी हे कागदावर लिहायला धडपडत होते. पुढचा काळ या घरात येऊन बसलाय, हे दोन कपांच्या चहावर कसं दाखवायचं, म्हणून डोकं फोडत होते. आणि तो खरोखरच येऊन बसला होता, आमच्या बेडरूमच्या पडद्यामागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दिग्दर्शकाने आपला हात पुढे करून दाखवला, त्याच्याही आला होता.

मी धावतच खाली आले. अण्णा दूध पीत होते. मनाशी म्हटलं, आता नीट सांगायचं, आडून नाही. "अण्णा, तुम्ही आज प्रॉम्प्टिंग केलंत ते सगळं रेकॉर्ड झालंय."

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. "म्हणजे मी घाण केली."

"नाही हो. आम्हाला ते हवंय. उद्याही द्या. सिनेमात ठेवणार आहोत."

मला वाटलं, आता मिटतील. त्यांनी पेला खाली ठेवला, ओठ पुसले आणि विचारलं, "शब्द फक्त तिला द्यायचा, की त्याला पण?"

ज्या माणसाने जेवणाच्या टेबलावर मला एक गोष्ट सांगितली नाही, तो रात्रीच्या जेवणाआधी पेन्सिल घेऊन संहितेवर खुणा करायला बसला. आवाज मागितला तेव्हा मिळाला नाही. काम सांगितलं, तेव्हा आवाज आपोआप त्याच्याबरोबर आला. मी दाराशी उभी राहून बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. बाईला कळलेलं असतं की समोरचा माणूस आपला मुलगा आहे. ती विचारते, पुढे तू असशील ना? आणि तो म्हणतो, "असेन. तुला दिसणार नाही, पण तुझ्या थोडा पुढे चालत असेन." तिने विचारलं. नेमका खालून कांदे-बटाट्यांचा टेम्पो भोंगा लावून गेला. तो जाईपर्यंत सगळे थांबले, आणि टेम्पो गेल्यावर बघतो तर आमचा बँकवाला पार कोरा. ही शांतता दिग्दर्शकाची नव्हती, खरीखुरी विसरण्याची होती. पडद्यामागून शब्द आला, "असेन. तुला..." तो तसाच. पुन्हा आला, "असेन. तुला दिसणार..." त्याच्या डोळ्यांत पाणी जमलं, ओठ हलेनात.

मग अण्णांनी सगळं वाक्य म्हटलं. दबक्या आवाजात नाही, मोठ्याने, त्या फाटक्या घशात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून. बाईने पडद्याकडे पाहिलं नाही. समोरच्या माणसाकडे पाहत, पण त्या आवाजाला, तिने आपलं शेवटचं उत्तर दिलं, "मग ये." दिग्दर्शक कट म्हणायचा विसरला. अण्णांनी म्हटलेलं ते वाक्य मी लिहिलं तेव्हा एवढं मोठं नव्हतं.

ऑपरेशन झालं. अण्णा वाचले. गळ्याला छिद्र, त्यावर पातळ कापडाचा तुकडा, श्वास तिथूनच. ओठ हलायचे, पण आवाजाचा लवलेश नाही, कुजबुजसुद्धा नाही. सुरुवातीला ते चिडायचे आणि मीही चिडायचे. हळूहळू मला ओठ वाचता येऊ लागले. पाणी. पंखा. पुरे. घर विलक्षण शांत झालं. सिनेमातला आवाज ऐकायचा मला धीर होत नव्हता. दिग्दर्शक दोनदा विचारून गेला, मी काहीतरी सबब सांगितली.

शेवटी एका रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन आलाच, बरोबर दोघं नट. आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच टीव्हीवर, आमचाच हॉल दिसू लागला. अण्णा ताठ बसले होते. पहिला शब्द आला तेव्हा त्यांनी चटकन मान वळवून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं, तिथे कोणी बसलंय की काय असं. मग टीव्हीकडे पाहिलं. मग ते पाहतही नव्हते, नुसते ऐकत होते, मान जराशी तिरकी करून. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडे पाहत होते.

शेवटचं वाक्य आलं. त्या आवाजाने हॉल भरून गेला. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. एवढं कोणालाही वाचता आलं असतं. बाबा.

मला वाटलं, त्यांचा गोंधळ झालाय. मी जवळ वाकून म्हटलं, "अण्णा, तो तुमचाच आवाज आहे. घसा बसला होता ना, तेव्हाचा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. माझं मनगट सोडून त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला, मग खांद्यावरून मागे, लांब मागे बोट दाखवलं. माझे बाबा.

अण्णा तिसरीत असताना माझे आजोबा गेले. त्यांचा फोटो नाही. घोगऱ्या आवाजाचा माणूस होता, बिडी ओढायचा, एवढंच अण्णा सांगायचे, आणि आवाज आता आठवत नाही असंही एकदा म्हणाले होते. जन्मभर अण्णांचा स्वतःचा आवाज खणखणीत होता. तो आजाराने फाटला, अगदी शेवटच्या महिन्यात, आणि तो बाहेरून कसा ऐकू येतो हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकत होते. ओठ पुन्हा हलले. तसाच. अगदी तसाच.

दिग्दर्शकाला काही कळलं नव्हतं. त्याने मला खुणेने विचारलं, बंद करू का? अण्णांनीच बोट फिरवून सांगितलं, परत लाव.

त्याने परत लावलं. अण्णा सोफ्यावरून उतरून टीव्हीसमोर फरशीवर मांडी घालून बसले. मला तो आवाज माझ्यासाठी ठेवून घ्यायचा होता. पण त्या दुपारी तो अण्णांच्या बाबांचा होता. मी टीपॉय बाजूला ओढला आणि त्यांना आणखी पुढे सरकायला जागा करून दिली.