जुनी आवृत्ती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही माझ्या दुकानात कधी येणार नाही, म्हणूनही असेल.

अल मन्सूरात माझं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. दोहाला रंगारी म्हणून आलो आणि कुणाची मेहेरबानी न घेता इथवर पोचलो. मेथीच्या जुडीत दोन पिवळी पानं निघाली तरी मी ती परत करतो, वर भांडतो. ग्राहकाला निवडायचा हक्क आहे, हे भाजीवाल्यापासून मोबाइलवाल्यापर्यंत सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय.

आणि हाच मी —

कॉलेजच्या पुस्तकांची दर दोनेक वर्षांनी नवी आवृत्ती येते. वितरक गठ्ठा आणून टाकतो, उरलेला परत घेत नाही. त्याच्याशी मी हातघाईवर आलोय. तो राग अजून गेलेला नाही. पण मी तो काढला कुणावर?

सायलीवर. तिचे वडील एसी दुरुस्त करतात, मूळचे सिन्नरचे. तिला संख्याशास्त्र घ्यायचं होतं, पुस्तक महाग. म्हणाली, "काका, मैत्रिणीकडे जुनी एडिशन आहे. ती चालेल ना?"

"नाही चालणार. धडे बदललेत."

चालेल, हे मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात दोन्ही पुस्तकं काउंटरवर उघडून मी पानापानाने ताडून पाहिली होती. उदाहरणांचा क्रम बदललेला — बस्स, एवढंच. पण नव्या प्रतींचा गठ्ठा माझ्या मागे पडून होता ना.

तिने पुस्तक घेतलं नाही. विषयच सोडला.

पुढच्या सत्रात ती परत आली, हातात एक कागद. मैत्रिणीची जुनी प्रत आणि वर्गातल्या एकीची नवी शेजारी ठेवून तिने तक्ता केला होता — जुन्यातलं कुठलं उदाहरण नव्यात कुठे गेलंय त्याचा. मला वाटलं, आता भांडणार. मी असतो तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. ती म्हणाली, "काका, तुम्हालाही फसवलंय पुस्तक काढणाऱ्यांनी. बघा, सगळं सेम आहे. हे काचेवर लावा, बाकीच्यांना तरी कळेल."

तुम्हालाही. "असं होय," म्हणालो.

कागद लावला. आता जुन्या-नव्या प्रती एकाच फळीवर असतात. मुलं उघडून बघतात, हवी ती घेतात. दुकान उलट जास्त चालतं. हे तिने दिलंय, मी नाही कमावलेलं. रोज शटर वर करताना तिचे उपकार आठवतात. खोटं बोलणाऱ्याला कुणी इतक्या सहज भला समजावं — असं माझ्याशी आधी कोण वागलं होतं?

सोडलेला विषय उशिरा घ्यावा लागला, म्हणून ती एका सत्राने मागे पडली. मैत्रिणी नोकरीला लागल्या, मग ही पास झाली. वडील पेढे घेऊन आले. "भाऊ, तुमच्यासारखा माणूस परक्या मुलुखात भेटायला नशीब लागतं," म्हणाले. सायली शेजारी उभी होती, हसत.

तिचं अर्धं वर्ष मी घालवलं होतं. तेवढं म्हणायला तोंड उघडलं — आणि त्यांनी त्यात पेढा ठेवला. मी तो खाल्ला.