हीटर ठरेपर्यंत गोधडी

आज सकाळी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या थंडीत आमची जुनी डिझेल गाडी पुन्हा सुरूच होईना. माझ्या बायकोला, अनघाला, ड्युटीसाठी हॉस्पिटल गाठायचं होतं. ती टॅक्सीने गेली, गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबून.

सुरू करण्याआधी इंजिन गरम करणारा हीटर कुठला घ्यायचा, यावर माझं महिनाभर डोकं चाललंय. इंजिनात फिरणारं कूलंट गरम करणारा की इंजिनाच्या तळाच्या ऑइल पॅनला खालून चिकटवायचा? दोन्हींना घरातला प्लग लागतो आणि गाडी उभी असते फुटपाथपलीकडे. फुटपाथवरून नेलेल्या वायरीला कुणी अडखळून पडलं तर?

पुण्याहून आलेल्या आईने काल बॉनेटवर गोधडी घातली होती.

"अगं आई, इंजिन गारच असेल तर गोधडी काय करणार?" मी वैतागलो.

"मी निदान गोधडी तरी घातली. तू काय केलंस?"

रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनो, तुम्ही काय बसवलंत? अनघा घरी यायच्या आत सांगा.