खालचा सूर

माझे मोठे काका पियानो शिकवतात आणि राग कायम नाकावर असतो. पण मायनर सिक्स्थ हा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ, आला की ते तो उजव्या हातानं वाजवतात आणि डावा हात मांडीवर ठेवतात. खालचा सूर वाजवतच नाहीत. विद्यार्थ्यांना वाटतं, यामागे काहीतरी शास्त्र असणार. कसलं शास्त्र, भांडण आहे.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये काका पियानो वाजवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, खालचे सूर धरणारा डबल बास. मग बाबांना दुसऱ्या शहरात टेलिफोन खात्यात नोकरी लागली. भाऊ सोडून चालला, हे काकांना जिव्हारी लागलं होतं. शेवटच्या कार्यक्रमातलं शेवटचं गाणं मायनर सिक्स्थवर संपायचं होतं. शेजारी ड्रमचा धडाका चालू, आणि काकांना ऐकू आलं की बाबांनी खाली भलताच सूर लावलाय. मुद्दाम, जाता जाता डिवचायला. बाबा म्हणाले, बरोबर वाजवला. एवढ्यावरून दोघांनी सव्वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पडतं घेणं आमच्या घराण्यात नाहीच, माझ्यातही नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. आजारपणात रोज विचारायचे, दादाचा फोन आला का? मी दरवेळी विषय बदलायचे.

मागच्या महिन्यात त्या ड्रमवाल्याच्या बायकोला कार्यक्रमाची कॅसेट सापडली. घरी मी ती ऐकली. अगदी शेवटी खाली काहीतरी घुमतं, एवढंच कळलं. म्हणून रविवारी दुपारी कॅसेट, वॉकमन आणि चांगले हेडफोन घेऊन काकांकडे गेले. कॅसेटबद्दल लगेच बोलले नाही. आधी मला हा कॉर्ड समजावा, म्हटलं.

त्यांनी उजव्या हातानं ए, सी, ई आणि एफ शार्प हे चार सूर दाबले. खालचा ए मला दाबायला लावला. कॉर्ड उदास होता, पण आपल्या घरात निवांत बसल्यासारखा. मग म्हणाले, आता खाली एफ शार्प दाब. वरचे चारही सूर तेच, तरी आता तो मायनर सिक्स्थ राहिलाच नाही. चपला घालून दारात उभं राहिल्यासारखा वाटला.

"त्यानं हा वाजवला होता," काका म्हणाले. "निघालोय, हे सगळ्यांसमोर सांगायला."

मी कॅसेट काढली. त्या शेवटच्या कार्यक्रमाची आहे, म्हटलं. हेडफोन मीच त्यांच्या कानावर चढवले. शेवट आला तसे ते डोळे मिटून वाकले. मग पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ए आहे," ते म्हणाले. "सांगत होता की तो."

मला बाबा त्या क्षणी इतके हवे होते, की काकांचा राग करायचंसुद्धा सुचेना.

काका पियानोकडे वळले. उजवा हात चार सुरांवर ठेवला. डावा मांडीवरच.

"आता तरी खालचा वाजवा," मी म्हटलं.

"तो माझा नाही."

मग मीच एका बोटानं ए दाबला. खोलीत सगळे सूर एकदम भरले आणि हळूहळू विरायला लागले. मी बोट उचलणार, तेवढ्यात काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"इतक्यात सोडू नकोस," ते म्हणाले.