आत्याच्या धवल्यातली नावं

आमची आत्या एकदा गायला लागली की कुणासाठी थांबत नसे. मोरिवलीच्या एका लग्नात मांडवाच्या कापडावर ठिणगी पडली. माणसं बादल्या घेऊन धावली, नवरीची आई किंचाळायला लागली. आत्या पाटावर डोळे मिटून बसलेली, आणि गाणं चालूच. आग विझली, गाणं संपलं, तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, "क झाला रं? कवरा धूर केलाय!"

आत्या धवलारीण होती. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी चालवते ती धवलारीण, आणि त्या वेळी ती गाते तो धवला. वडिलांची ही बहीण तरुणपणीच माहेरी परत आली आणि पालेगावच्या आमच्या घरातच राहिली. तिचा आवाज गोड नव्हता. खरखरीत होता, पण मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा, तोही माइकशिवाय. माइक पुढे केला की ती तो बाजूला सारायची. "यो धर तिकरं. मी काय मोर्चा काढलाय?"

धवल्यात नावं असतात. आधी गणपती, गावदेवी, एकवीरा आई, मग घरातली गेलेली माणसं, मग जिवंत. जिवंतांची नावं घेताना आत्या फार कडक. कुणी मांडवाचे खांब रोवले, कुणी पाणी भरलं, कुणी हळद दळली, हे ती दिवसभर बघत असे. कितीही मोठा पाहुणा असो, "ज्यानं हात लावला त्याचा नाव येनार. बाकीच्यानी जेवून जावा." स्वतःचं नाव मात्र ती कधीच घेत नसे. धवलारणीचं नाव धवल्यात यायची रीत नाही.

बारावीनंतर मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात बरेच दिवस खल चालला होता. आत्याने एकाच वाक्यात तो संपवला. "पोरगी शिकंल, तुमचे पोटान कनाला दुखतं?" मी उल्हासनगरच्या कॉलेजात गेले आणि घरातली पहिली पदवीधर झाले. निकाल लागला त्याच आठवड्यात चुलतबहिणीची हळद होती. आत्याने धवल्यात माझं नाव घेतलं आणि त्याला 'बीकॉम' जोडून टाकलं, चालीत बसेल असं ताणून. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "बीकॉम कंचा देव हाय?" धवला संपल्यावर आत्याने उत्तर दिलं, "देवापेक्षा कठीन हाय. गप बस." पदवीदान समारंभाला मी गेले नाही. मला त्याची कधी चुटपुटही लागली नाही.

मग घरात गाडीचा विषय निघाला. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. स्वतःची सात सीटची गाडी घ्यायची आणि ती एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत साहेबांसाठी भाड्याने लावायची, हे त्याचं स्वप्न. आमच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात. भाऊ म्हणाले, "तू बिनधास्त गाडी घे. कंपनीत लावून द्यायचं माझ्याकडे." तेवढ्या शब्दावर आमची गाडी ठरली.

शोरूमला आम्ही सगळे गेलो. आईला पांढरा रंग हवा होता, वडील सीएनजीवर अडून बसले होते. आत्या कुणालाही न विचारता सर्वांत मागच्या सीटवर चढली आणि तिथूनच ओरडली, "हितं कोनाला बसवनार? गुडघं नाकाला लागतान!"

"मावशी, वो बच्चों के लिए है," सेल्समन म्हणाला.

"मंग पोरं काय कोंबऱ्या हायत?"

त्या दिवसापासून पुढची सीट आत्याची, हे न बोलता ठरून गेलं. 'गारी माझी' असं ती गावभर सांगत सुटली.

म्युझिक सिस्टीम बसवायला आम्ही उल्हासनगरच्या बाजारात गेलो. दादाला धडधडणारा बास हवा होता, मला जुनी भावगीतं स्वच्छ ऐकू आली म्हणजे पुरे होतं. दुकानदार सिंधी, जिभेवर साखर असलेला. "अम्मा, आप बोलो, कौनसा गाना बजाऊँ?" आत्याने माझ्या मोबाइलवरचं तिचंच रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. दुकानात धवला घुमायला लागला. समोरच्या कापडवाल्याकडची गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागली. आत्याने मान वाकडी करून ऐकलं आणि निकाल दिला, "पिंपान बसून कोन गातंय?" दुकानदार हसून हसून खुर्चीत बसला. शेवटी त्याने जी सिस्टीम बसवली ती माझ्या पसंतीची होती, पण दादा आजही मानत नाही.

गाडीची पूजा झाली त्या सकाळी भाऊंची पोरं आली आणि मागच्या काचेवर भाऊंचा फोटो चिकटवून गेली. हात जोडलेले भाऊ, बाजूला पक्षाचं चिन्ह. आत्याने गरम पाणी आणलं आणि उलथन्याने फोटो खरवडायला सुरुवात केली. दादा धावत आला.

"आत्या, काय करतेस? भाऊंनी बघितलं तर?"

"भाऊनं दोन येला झेंडा बदलला. तो तिसरीकरं गेला तं मी सारखी काच घासत बसू?"

"अगं, कंपनीत गाडी तेच लावणार आहेत!"

"गारी लाव. तोंड नको लावू."

दुपारपर्यंत काच कोरी झाली. भाऊंना कळलं असणारच, पण तेव्हा ते काही बोलले नाहीत. निवडणूक जवळ आली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. आमच्याकडे हळदीला हल्ली पुढारी येतातच. ते आले की डीजे बंद होतो, निवेदक नाव पुकारतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात, मग परत डीजे सुरू. माझ्या अंगाला हळद लागत होती आणि आत्याचा धवला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावांपर्यंत पोचला होता, तेवढ्यात भाऊ आले. निवेदकाने माइक उचलला. "आपल्या सर्वांचे लाडके..."

आत्या गातच राहिली. भाऊंचा एक माणूस वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आत्या, दोन मिनिटं. आणि भाऊंचं नाव घ्या ना धवल्यात. फार बरं वाटेल त्यांना." दादा तिच्यासमोर हात जोडून उभा होता. त्याची गाडी कंपनीत लागणार की नाही, ते या दोन मिनिटांवर होतं, आणि ते आत्याला पुरतं माहीत होतं.

तिने डोळे उघडले, दादाकडे बघितलं आणि परत मिटले. आजोबांचं नाव आलं, आजीचं आलं. मग जिवंतांची यायला लागली. मांडववाल्याचं आलं, पाणी भरणाऱ्या शेजारणीचं आलं, दादाचं तर दोनदा आलं. भाऊ हार हातात धरून उभे राहिले, मोबाइल कानाला लावला आणि निघून गेले.

कंपनीत दुसऱ्याची गाडी लागली. दादा कितीतरी दिवस आत्याशी बोलला नाही. आत्यानेही समजूत काढली नाही. एका सकाळी ती साडी नेसून गाडीत पुढे बसली आणि म्हणाली, "बदलापूर गावान हलद हाय. चल." दादाने गाडी काढली. त्या लग्नघरच्यांनी वऱ्हाडासाठी गाडी ठरवली, मग त्यांच्या व्याह्यांनी. धवलारणीची गाडी म्हणून ती ओळखली जायला लागली. कंपनीच्या साहेबांसाठी घेतलेल्या गाडीत नवऱ्या बसायला लागल्या, आणि दादाचं घर त्यावर चाललं.

गेल्या वर्षी आत्याचा आवाज गेला. घशाचं दुखणं. त्यातच माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. धवला कोण गाणार, असं आईने विचारल्यावर आत्याने माझ्याकडे बोट केलं. मी शाळेत शिकवते, आणि त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आता भाऊच आहेत. तरी मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

आत्याला पाटावर बसवत नव्हतं. दादाने गाडी मांडवाच्या कडेला लावली आणि तिच्या बाजूची काच खाली केली. मी सुरुवात केली. माझा आवाज तिच्यासारखा पोचत नव्हता, पण मी माइक बाजूला सारला. गावदेवीचं नाव झालं आणि भाऊ आत आले. पुन्हा निवडणूक होती. निवेदकाने माझ्याकडे बघून 'थांब' म्हणून हात वर केला. गाडीच्या दारावर आत्याच्या बांगड्यांचा ठेका पडत होता, तो थांबला नाही. मीही थांबले नाही.

हात लावलेल्या सगळ्यांची नावं झाली. मग मी रीत मोडली. "हिराबाय," मी गायले. आत्याचं नाव. ते कुठल्याच मांडवात आधी कधी गायलं गेलं नव्हतं. मी ते तीन वेळा घेतलं.

धवला संपल्यावर मी गाडीपाशी गेले. तिने मला वाकायला लावलं. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता.

"भाऊ कवर उभा व्हता?"

"शेवटपर्यंत."

"मंग त्यानं माझा नाव ऐकला," ती म्हणाली, आणि दादाला म्हणाली, "चल, गारी काढ."

आता पुढची सीट रिकामी असते. दादा तिथे कुणाला बसू देत नाही. मागची काच कोरी आहे.